डिकीतली थंडी

९ फेब्रुवारी १९५८, रविवार. चिंचवड.

डिकी आज रिकामी केली. जॅक, दोरखंड, दोन मुके हॉर्न, सौ.ची लोणच्याची बरणी (ती तिथे कशी गेली हे ती सांगत नाही). मागच्या सीटच्या पाठीशी थंडीची पेटी जशीच्या तशी. तांब्याच्या नळीचं वेटोळं, त्याला पत्र्याच्या पातळ पाकळ्या, वर पंखा. पाकळ्यांत उंदराने संसार मांडला होता. बाकी शाबूत.

संस्थानच्या मोटारखान्यात होतो तेव्हा हीच गाडी माझ्याकडे. ऐन वैशाखात महाराज आत शाल घेऊन बसत. संस्थान गेलं, मोटारखाना मोडला, गाडी माझ्या पदरात पडली. पण थंडीचा गॅस त्याआधीच गळून गेला होता. कुठून, ते कुणी पाहिलं नाही. अमेरिकेची वस्तू, हात कोण लावणार?

मी लावणार. वत्सलाच्या एस.एस.सी.ला सहा आठवडे आहेत.

१० फेब्रु.

मनाशी एकदा नीट मांडून ठेवतो. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी दुपारच्या पेपराला ती बेंचवरून घसरली. अंग तव्यासारखं. सकाळचा पेपर उत्तम गेलेला. डॉक्टरांनी तिच्या लहानपणीच सांगितलं होतं: हिला जन्मतः घाम येत नाही, दुसरं काही नाही, ऊन तेवढं सांभाळा. सांभाळतोच आहोत. पण पुण्यात, मार्चअखेर, दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी पिंपळाखाली डबे खातात तेव्हा हिला कुठे ठेवायचं?

या गाडीत. शाळेबाहेर गाडी उभी, इंजिन चालू, आत गारवा. अंगातली आग उतरली की दुसऱ्या पेपराला बसेल. एवढंच करायचं आहे.

घामाची गोष्ट घराबाहेर नाही. विचारलं कुणी तर ‘चक्कर येते’. तिचं लग्न व्हायचं आहे.

१२ फेब्रु.

सौ. म्हणते, बापूकडे ठेवू या तिला. बापू म्हणजे सौ.चा भाऊ, घर शाळेच्या मागच्या गल्लीतच. “तळमजल्याची खोली आहे, अंधारी, गार. पाण्याची बादली ठेवली की झालं. कशाला ते डिकीत डोकं घालून बसायचं?”

मी म्हटलं, बापूने दिवाळीत काय म्हटलं ते विसरलीस? ‘पोरगी नाजूक आहे, शाळा पुरे, घरात बसवा.’ त्याच्या घरात बसवून परीक्षा द्यायची?

ती म्हणाली, तो बोलला ते बोलला, खोली तर काही बोलली नाही ना.

पाना घेऊन बाहेर आलो.

१५ फेब्रु.

लॉरीच्या टायरचा पंप नळीला जोडून हवा भरली. सौ.चे रिठे रात्रभर भिजत घातले होते, त्याचा फेस ब्रशने प्रत्येक सांध्याला लावला. साबणापेक्षा रिठ्याचा फेस चिवट, मोडत नाही. वेटोळ्याच्या दोन वळणांवर बुडबुडे. एक मोठा, हरभऱ्याएवढा. दुसरा इतका बारीक की डोळा लावून बसावं लागलं.

बाकी सगळं घट्ट. पुढचा पंप, रेडिएटरपुढची जाळी, नळ्या. म्हणजे दोनच भोकं. दोन भोकांपायी एवढी वर्षं गाडी गरम.

सौ.: “माझे रिठे संपवलेत. आता डोकं कशाने धुऊ, ग्रीसने?”

१६ फेब्रु.

कोंडिबा आला होता. चाकणचा, कांद्याचा ट्रक घेऊन पुण्याला जाताना माझ्याकडे थांबतो. ट्रकचा पट्टा बदलून दिला. डिकीत वाकून पाहिलं त्याने.

“ह्ये काय हाय मिस्तरी?”

“थंडी करायचं यंत्र.”

“मोटारीत थंडी? अन् पाऊस कुठनं पाडनार, टपावरनं?”

हसून घेतलं. मग म्हणाला, पोरीसाठी का? मी म्हटलं, तिला चक्कर येते. तो मान हलवून म्हणाला, व्हय व्हय, चक्कर. काय समजलं त्याला कुणास ठाऊक.

१८ फेब्रु.

वेटोळं उतरवून कासारवाडीला रामभाऊंकडे नेलं. तीन पिढ्यांचं भांड्यांना कल्हई आणि भोकांना डाग देण्याचं काम. त्यांनी नळी बोटाने वाजवली, वास घेतला, जिभेला लावली.

“तांबं चोख हाय. पन पातळ. भांड्यावानी ठोकता यायचं न्हाई.”

डाग कसा धरतो ते मला माहीत आहे. जागा चिंचेने घासायची, चकाकली पाहिजे, मग तापवून नवसागर, मग कथील. बाहेरून त्यांनी केलं ते मान्य. फार देखणा हात. पण नळीच्या तोंडातून मी आत टॉर्च मारला तर आत हिरवा गंज. मी म्हटलं, रामभाऊ, आतूनही चिंच आणि नवसागर फिरवू. ते म्हणाले, “आत कशाला? कुनी जेवनार हाय का त्यात?”

मी अर्धं काम करत नाही. घरी आणून स्वतः केलं. चिंचेचा कोळ, मग नवसागराचं पाणी, वर-खाली हलवून, मग तीनदा साधं पाणी. शेवटचं पाणी स्वच्छ निघालं. ते पेल्यात घेऊन उजेडात धरून पाहिलं.

१९, २० फेब्रु.

वेटोळं उन्हात. सकाळी पूर्वेला तोंड, दुपारी पश्चिमेला.

२३ फेब्रु.

दादरचा एक माणूस फ्रिज दुरुस्त करतो. त्याच्याकडून गॅसची बाटली आली, कोंडिबाच्या भाच्याच्या ट्रकातून. चिठ्ठीत लिहिलं होतं: दुसरी मिळणार नाही, बोटीने येते, दिवाळीच्या आधी आशा धरू नका.

एकच बाटली. बरं.

गॅसला वास नाही. गळला तर कळणार कसा? त्यासाठी दिवा केला. पिनेच्या स्टोव्हचा बर्नर, स्पिरिट, ज्योतीत तांब्याची कडी, बाजूने रबरी नळी. नळीचं तोंड सांध्यापाशी धरायचं; गॅस ओढला गेला की ज्योत हिरवी होते. पेटीबरोबर आलेल्या इंग्रजी पुस्तकात चित्र होतं, डिक्शनरीत पाहून पाहून लावलं. बाटलीचा नळ जरासा सैल करून तपासलं. निळी ज्योत, आणि एकदम पोपटासारखी हिरवी.

वत्सला शेजारी उभी होती. “अण्णा, हे तर दिवाळीसाठी ठेवायला हवं.”

आणि लगेच ठसका लागला मला. घशात आग. त्या गॅसचा ज्योतीवर जळून जो धूर होतो तो वाईट. यापुढे दिवा लावताना तिने लांब उभं राहायचं.

२ मार्च, रविवार.

लिहितोय आणि बोटं अजून गार आहेत.

सकाळी गॅस भरला. बाटली तराजूला टांगून, हळूहळू. पट्टा चढवला (या गाडीला थंडी बंद करायची खिट्टीच नाही. नको असेल तर बॉनेट उघडून पट्टा उतरवायचा. महाराजांना काय, पट्टा उतरवायला मी होतो). इंजिन लावलं. डिकीतल्या नळीवर हात ठेवला. आधी काही नाही. मग ओलसर. मग बोट चिकटलं.

सौ.ला आणि वत्सलाला मागे बसवलं, काचा वर. पाच मिनिटांत सौ. पदर कानावरून घेऊन म्हणाली, “अगंबाई, माझे दात वाजतायत. बंद करा, बंद करा.” आणि उतरली नाही.

वत्सलाने मागच्या जाळीला गाल लावला. डोळे मिटले. मी आरशातून पाहत होतो. ती म्हणाली, “अण्णा, बाकीच्यांना असं वाटतं का? रोज?”

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. गाडी अंगणातच उभी होती.

मग तिने भूमितीचं पुस्तक मागितलं. दोन प्रमेयं म्हणून दाखवली. तिसरं अर्ध्यावर होतं तेव्हा म्हणाली, गरम येतंय.

खरंच गरम. इंजिन चालू, पंखा चालू, पट्टा फिरतोय, आणि हवा भट्टीची. डिकी उघडली. वेटोळ्याआधीचा बारका व्हॉल्व्ह बर्फाने पांढरा. हात लावून बसलो. बर्फ वितळला, फुस्स आवाज, आणि पुन्हा गार. पुन्हा पाव तासाने बंद.

चार वेळा तसंच.

३ मार्च.

झोप नाही. गॅस बर्फ होत नाही. बर्फ होतो पाण्याचा. नळीच्या आत पाणी आहे. थेंबभर असेल, पण व्हॉल्व्हचं भोक सुईएवढं. थेंब तिथे येऊन गोठतो, बूच बसतं, थंडी थांबते, वितळतो, सुटतो.

पाणी आत कुणी घातलं ते लिहायची गरज नाही.

सौ.ने विचारलं काय झालं. म्हटलं, बारीक अडचण आहे.

५ मार्च.

आळीत होळी. मी गाडीखाली.

गॅस सोडून देता येत नाही, दुसरा नाही. सोडला तर संपलं. पण बाटली बर्फात ठेवली आणि गाडी उन्हात, तर गॅस आपसूक बाटलीत परत जायला हवा. गारव्याकडे धाव घेतो तो. हे पुस्तकात नाही. मला सुचलं.

कोंडिबाला बर्फाची लादी सांगितली.

७ मार्च.

लादी आली, भुशात गुंडाळून, कांद्याच्या पोत्यांखाली. बर्फाला कांद्याचा वास. कोंडिबाने स्वतः फोडून दिला, मीठ मिसळलं. बाटली त्यात पुरली, नळी जोडली, गाडी भर उन्हात. पुढच्या जाळीवर गरम पाण्याची फडकी.

गॅस परत आला. सगळा नाही. तराजू सांगतो, दोन तृतीयांशाच्या जरा वर.

कोंडिबा म्हणाला, “मिस्तरी, एक इचारू? रागवायचं न्हाई. ह्यो बर्फ थेट पोरीला दिला असता तर?”

मी म्हटलं, लादी रोज येणार? पेपर सहा दिवस आहेत. शाळेच्या दारात पोत्यावर बर्फ घेऊन बसणार पोर? चार लोक विचारतील.

“इचारू द्या की.”

त्याला मुली नाहीत.

९ मार्च.

खडकीच्या बेकरीत वेटोळं घेऊन गेलो. सकाळचा पाव निघाल्यावर भट्टी उतरणीला लागते, ती पाहिजे होती. जास्त तापली तर रामभाऊंचा डाग वितळेल. कमी तापली तर पाणी जाणार नाही. बेकरीवाला हात आत घालून आकडे मोजतो, किती आकड्यांना हात काढावा लागतो त्यावर पाव टाकायचा की बिस्किट ते ठरवतो. मी म्हटलं, नानकटाईची आच. तो म्हणाला, “अहो, ह्या जिलबीला पाक कुठला घालणार?”

तिथेच बसून राहिलो. एका तोंडाला सायकलचा पंप, कोरडी हवा हळूहळू. दुसऱ्या तोंडाशी आरसा धरला. आधी आरसा धूसर झाला. संध्याकाळी स्वच्छ.

डाग शाबूत.

१३ मार्च.

गॅस पुन्हा भरला. व्हॉल्व्ह गोठत नाही. सलग चालली. वत्सलाने आत बसून इतिहासाचं अख्खं प्रकरण वाचलं. उतरली तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागला, गार. माझाच घामेजलेला.

थांबलेल्या गाडीत इंजिन तापतं, ती नवी पंचाईत. रेडिएटरवर ओलं पोतं टाकतो.

सौ.ने आज शिरा केला. वाटी माझ्यापुढे सरकवली.

१४ मार्च.

वत्सला: “अण्णा, परीक्षा झाल्यावर ही गाडी मला नोकरीला पण न्यायची का तुम्ही?”

“कसली नोकरी?”

“कुठली तरी. पिंपरीला नवे कारखाने झालेत तिथे टाइप करायला मुली घेतात म्हणे. आत पंखे आहेत.”

पास तर हो, म्हटलं.

“ते माझं काम आहे. गाडी तुमचं.”

१७ मार्च, सोमवार.

गारवा कमी वाटतो. माझा भास असेल. ऊन वाढलंय.

१८ मार्च.

भास नाही. दिवा लावला. रामभाऊंच्या डागांपाशी ज्योत निळी. मी खूश होणार इतक्यात नळी जरा खाली सरकली आणि ज्योत हिरवी. वळणाच्या पोटाशी. जिथे कधी काही नव्हतं. पुढे सरकवली. हिरवी. त्याच्या पुढच्या वळणाशी, हिरवी.

खोकून खोकून डोळ्यांतून पाणी. सौ. धावत आली, दिवा विझवला, मला ओढून बाहेर बसवलं. “विष घ्यायचंय का?” म्हणाली.

१९ मार्च.

वेटोळ्याच्या शेवटाकडून बोटभर नळी मी धुतल्याच्या दिवशीच कापून टाकली होती, सांधा बसवायला. तीही त्याच पाण्यात धुतली होती, आणि खिळ्यांच्या डब्यात पडून होती. आज हॅकसॉने उभी चिरली. आतून पाहिली.

भाजलेल्या पापडासारखी. फोड, खड्डे, खड्ड्यांत हिरवा मळ. नवसागर. पाण्याने धुतलं तरी वळणांत राहिला, ओलीत तांबं खात बसला. मी भट्टीत पाणी घालवलं, तोवर व्हायचं ते झालं होतं. एका जागी खड्डा आरपार, टाचणीच्या टोकाएवढा. वेटोळं सगळंच तसं असणार. डाग किती ठिकाणी देणार?

बाहेरची दोन भोकं रामभाऊंनी बुजवली. आतली मी पाडली.

आत कुणी जेवणार आहे का, असं विचारलं होतं त्यांनी.

२० मार्च.

सौ.ला सांगितलं. चिंच, नवसागर, सगळं. ती भाजी निवडत होती. थांबली.

“म्हणजे चालणार नाही?”

“चालेल. थोडी थोडी. गॅस जाईल तोवर.”

“किती दिवस?”

“माहीत नाही. एक दिवस. दोन.”

“आणि जाणारा गॅस कुठे जातो?”

पेटीतला पंखा पेटीतली हवा गाडीत ढकलतो. म्हणजे गाडीत. वत्सलाच्या तोंडावर. पुस्तक म्हणतं गॅस निर्धोक, फक्त ज्योत नको. पुस्तक लिहिणाऱ्याची मुलगी आत बसणार नाही.

सौ. एवढंच म्हणाली, “बापूला निरोप पाठवू का?”

मी नको म्हटलं. का म्हटलं ते आता लिहिताना मला नीट सांगता येत नाही.

२१ मार्च. पाडवा.

गुढी उभारली. सौ.ने गाडीलाही हार घातला. मी काढला, पंख्यात जाईल म्हणून.

२२ मार्च.

वत्सलाला सगळं माहीत आहे. आईने सांगितलं असेल, किंवा तिने नळीचा तुकडा पाहिला असेल.

“गॅस नाकात गेला तर काय होतं अण्णा?”

“पुस्तकात लिहिलंय, काही होत नाही.”

“तुम्ही तर केवढे खोकलात.”

“तो ज्योतीवर जळला म्हणून.”

“मग मी काय ज्योत आहे?”

हसली. मी नाही हसलो. मग म्हणाली, “माझं सांगायचं तर मी बसेन. तुम्ही म्हणाल तर बसेन, नको म्हणाल तर नाही. पण ठरवा. मला अभ्यास आहे.”

२३ मार्च.

पट्टा उतरवून ठेवला, फुकट फिरू नये म्हणून. उरलेला गॅस उद्यासाठी. ज्योतीचं भय तेवढं, तर गाडीजवळ विडी-काडी येऊ द्यायची नाही, मी स्वतः उभा राहीन. काचा दोन बोटं खाली.

हे ठरवलं.

२४ मार्च, सोमवार. पुणे. शाळेसमोर, गाडीत.

सकाळी निघालो तेव्हा हवा गार होती, थंडीचं यंत्र लावावंच लागलं नाही. सौ. मागे तिच्याबरोबर. दापोडीच्या पुलावर वत्सला काहीतरी पुटपुटत होती, व्याकरण असेल.

पहिला पेपर बरा गेला म्हणाली. बाहेर आली तेव्हा गालांवर लाल चट्टे, डोळे चमकणारे. मला ती चमक माहीत आहे. पट्टा चढवून ठेवला होता. तिला आत घेतलं, इंजिन लावलं.

गार हवा आली. कमी, पण आली. सौ. तिच्या कपाळाला हात लावून मला खुणेने सांगत होती: उतरतंय, उतरतंय.

लोक जमणारच होते. एवढी लांब गाडी, बॉनेटवर ओलं पोतं, शिट्टी मारणारं रेडिएटर, आत एक मुलगी आणि तिची आई. पोरी डबे हातात घेऊन काचेला नाकं लावत होत्या. एका मुलीचे वडील, टोपीवाले, डिकीपाशी येऊन टेकले. मी पुढे रेडिएटरला पाणी घालत होतो. वळून पाहतो तर त्यांनी विडी तोंडात धरलेली आणि काडी ओढलेली.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. धावत जाऊन काडी हातातून उडवली, विडीही. ते मागे सरकले, टोपी पडली.

“अहो काय हे! काय भरलंय डिकीत, दारू?”

सगळे बघत होते. मला सांगता येईना. गॅस सांगावा तर गॅस कशाला ते सांगावं लागतं. गारवा कशाला ते सांगावं लागतं. आणि डिकीच्या फटीशी दिव्यावरच्या जळक्या गॅसचा तोच वास, घशाला चाटणारा. काडीच्या एवढ्याशा ज्योतीवर. म्हणजे थोडाथोडका गळत नव्हता.

इंजिन मी बंद केलं. माझ्या हाताने.

वत्सला काच खाली करून म्हणाली, “झालं?”

“झालं.”

“मग दार उघडा. आत उकडतंय.”

ती उतरली. चेहरा अजून लालच. दुसऱ्या पेपराला अवकाश होता, पण फार नाही. मी सौ.ला म्हटलं, इथेच थांबा, आणि शाळेत शिरलो. शिपायाने अडवलं. म्हटलं, मुख्य बाईंना भेटायचंय. त्या व्हरांड्यातच होत्या, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांपाशी.

मी म्हटलं, “माझ्या मुलीला घाम येत नाही.”

इतक्या वर्षांत घराबाहेर पहिल्यांदा म्हटलं. आवाज फार मोठा आला असावा. दोन शिक्षिका, शिपाई, टोपीवाल्यांची मुलगी, सगळ्यांनी ऐकलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “गेल्या वर्षी पडली ती? तुम्ही चक्कर म्हणून सांगितलंत. मुली मला म्हणत होत्या, बाई, तिला घाम येत नाही. मी म्हटलं, वडील काही वेगळंच सांगतायत.”

“मुलींना कसं...”

“वर्गात सहा वर्षं शेजारी बसल्यात हो त्या.”

मग म्हणाल्या, बेंच बदलता येणार नाही, नंबर ठरलेले आहेत. तिचा पश्चिमेच्या भिंतीला येतो, दुपारचं ऊन तिथेच. पण ओला टॉवेल घेऊन बसली तर आज त्यांची हरकत नाही. उद्या दुसरे पर्यवेक्षक, बाहेरून येणारे. त्यांचं त्या सांगू शकत नाहीत. डॉक्टरांचं काही आणता आलं तर बघा.

डॉक्टर तेव्हाचे, वारले त्यालाही काळ झाला. दुसरे शोधायला हवेत. आज संध्याकाळीच.

बाहेर आलो तर सौ. जागेवर नव्हती. गल्लीतून येत होती, बापूकडून, हातात दोन टॉवेल, निथळणारे. एक वत्सलाच्या मानेवर टाकला, एक डोक्यावरून. सगळ्या पोरींच्या देखत. साडीची पाठ भिजली, वेण्या भिजल्या. एक मुलगी म्हणाली, “वच्छे, मला पण दे गं कोपरा!” आणि दोघी हसल्या.

मी तिला काहीतरी सांगणार होतो. तिने पेन दाखवलं, शाई आहे असं. आणि गेली.

आता घंटा होऊन गेली आहे. सौ. पिंपळाखाली टेकली आहे, डबा तसाच बंद. टोपीवाले लांब दुसऱ्या बाजूला जाऊन बसलेत. आज राहायला येतो असं सौ.ने बापूला सांगून टाकलं का, ते मी विचारलेलं नाही. वर्गाची खिडकी इथून दिसते, ती दिसत नाही. व्हरांड्याच्या फरशीवर ती गेली त्या वाटेने टॉवेलचं पाणी ठिबकलं आहे, पायरीपासून वर्गाच्या दारापर्यंत.

पायरीवरचे थेंब वाळले. मधलेही वाळत आलेत. दाराशी सांडलेलं अजून ओलं आहे.